अठरा महिन्यांचा आसरा

१२ जानेवारी २०१० रोजी संध्याकाळी पाच वाजायला सात मिनिटं कमी असताना हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स हादरली. केंद्रबिंदू शहरापासून जेमतेम २५ किलोमीटरवर, लेओगान गावाजवळ होता आणि तीव्रता ७.०. राष्ट्राध्यक्षांचा पांढराशुभ्र प्रासाद घुमटासकट खाली बसला. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचं मुख्यालय कोसळलं, त्यात मोहिमेचे प्रमुख हेदी अनाबी गेले. मृतांचे अंदाज १ लाखापासून ३ लाखांपर्यंत आहेत. जमिनीतून आलेल्या आवाजावरून हैतीच्या लोकांनी या भूकंपाला ‘गुडू-गुडू’ असं नाव ठेवलं.

तीन दिवसांनी, शुक्रवारी, अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा मंत्री जॅनेट नॅपोलिटानो यांनी घोषणा केली. भूकंपाच्या दिवशी जे हैतीयन अमेरिकेत होते, त्यांच्याकडे कागदपत्रं असोत वा नसोत, त्यांना १८ महिने परत पाठवलं जाणार नाही. फी भरावी, बोटांचे ठसे द्यावेत, कामाचा परवाना घ्यावा. सवलतीचं नाव ‘टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस’, सगळ्यांच्या तोंडी टीपीएस. घोषणेचा दुसरा भाग तितकाच स्पष्ट होता. १२ जानेवारीनंतर जो येईल त्याला यातलं काहीही मिळणार नाही, उलट परत धाडलं जाईल. हा दुसरा भाग हैतीत नीट पोचावा म्हणून अमेरिकी हवाई दलाचं एक विमान रोज काही तास आकाशातून रेडिओ प्रक्षेपण करत होतं. वॉशिंग्टनमधल्या हैतीच्या राजदूताच्या आवाजात, क्रिओल भाषेत, होड्या घेऊन निघू नका असं बजावलं जात होतं. त्याच वेळी खाली लोक नुसत्या हातांनी काँक्रीट उपसून माणसं शोधत होते.

ढिगाऱ्याखालून माणसं निघायच्या आत होड्यांची काळजी का पडावी, हे कळायला चार दशकं मागे जावं लागतं.

१९७२ च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या पॉम्पानो बीचला एक गळकी होडी लागली. तिच्यात ६५ हैतीयन होते. हैतीत तेव्हा दुवालिए घराण्याची हुकूमशाही होती. बाप फ्रान्सवा १९७१ मध्ये मेला आणि १९ वर्षांचा मुलगा जाँ-क्लोद ‘तहहयात राष्ट्राध्यक्ष’ म्हणून गादीवर बसला. त्यांचे ‘तोंतों माकूत’ नावाचे खासगी गुंड रात्री माणसं उचलून नेत. तरीही अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या लेखी हैतीहून येणारा माणूस राजकीय छळातून पळालेला नव्हता, पोटापाण्यासाठी आलेला होता. आणि पोटासाठी येणाऱ्याला आश्रय मागता येत नाही. ही वाटणी करणाऱ्यांच्या सोयीची एक गोष्ट म्हणजे दुवालिए कम्युनिस्टविरोधी होते, अमेरिकेचे मित्र होते. त्याच किनाऱ्यावर क्युबातून येणारा माणूस कॅस्ट्रोपासून पळालेला असे, त्यामुळे तो आपोआप निर्वासित ठरे.

१९८० मध्ये दोन्ही लाटा एकदमच आल्या. मारिएल बंदरातून सव्वा लाख क्युबन आले, आणि सुमारे २५ हजार हैतीयन. एकाच समुद्रातून, एकाच उन्हाळ्यात. त्या वर्षीच्या जुलैमध्ये मायामीतले संघीय न्यायाधीश जेम्स लॉरेन्स किंग यांनी एका खटल्याचा निकाल दिला. सरकारने चार हजारांवर हैतीयनांचे आश्रयाचे अर्ज घाऊक पद्धतीने हातावेगळे केले होते आणि त्यातला एकही मंजूर केला नव्हता. किंग यांनी निकालात नोंदवलं की दडपशाहीतून पळून अमेरिकेला आलेला कृष्णवर्णीयांचा हा पहिलाच मोठा समूह आहे आणि वागणुकीतला फरक दुसऱ्या कशाने समजावून घेणं अवघड आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तेवढ्यापुरता मार्ग काढला. क्युबन आणि हैतीयन दोघांसाठी ‘एन्ट्रंट’ नावाचा एक वेगळा दर्जा तयार केला. निर्वासित म्हणायचं नाही, पण घालवायचंही नाही. हैतीयनांच्या वाट्याला अशी मधली पायरी आली ती पहिल्यांदाच.

पुढच्या वर्षी रेगन आले आणि त्यांनी प्रश्न किनाऱ्यावरून समुद्रात ढकलला. धाकट्या दुवालिएशी करार झाला, की अमेरिकी तटरक्षक दल हैतीच्या होड्या भर समुद्रात अडवून परत नेईल. पुढच्या दहा वर्षांत सुमारे २५ हजार माणसं अडवली गेली. जहाजाच्या डेकवर घाईघाईत मुलाखती होत. आश्रयाचा अर्ज करायला म्हणून अमेरिकेत आणली गेलेली माणसं तीससुद्धा नव्हती.

आता १९९०. टीपीएसचा कायदा हैतीसाठी झालाच नव्हता. एल साल्व्हादोरच्या यादवीतून पळालेल्या लोकांसाठी मॅसॅच्युसेट्सचे खासदार जो मोकली अनेक वर्षं झगडत होते. थोरल्या बुश यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये सही केलेल्या मोठ्या इमिग्रेशन कायद्यात त्यांना ही तरतूद घालून घेता आली. तिची रचना बघण्यासारखी आहे. एखाद्या देशात युद्ध असेल, नैसर्गिक आपत्ती असेल किंवा ‘असाधारण आणि तात्पुरती परिस्थिती’ असेल, तर मंत्र्याने त्या देशाचं नाव जाहीर करायचं. मुदत ६, १२ किंवा १८ महिने. मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी संबंधित खात्यांशी सल्लामसलत करून परिस्थिती पुन्हा तपासायची, आणि मग वाढवायची किंवा संपवायची. मंत्र्याच्या या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असंही कलमात लिहून ठेवलं. आणि सर्वांत शेवटी एक विलक्षण कुलूप: टीपीएसधारकांना कायमचा रहिवास देणारं विधेयक सेनेटला तीन-पंचमांश बहुमताशिवाय विचारातच घेता येणार नाही. दार बांधतानाच काँग्रेसने पलीकडचं दार बंद करून ठेवलं होतं.

हा कायदा दहा महिन्यांचा झाला, तेव्हा हैतीत लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष जाँ-बेर्त्रां आरिस्तिद यांना उलथवलं. तारीख ३० सप्टेंबर १९९१. युद्ध, आपत्ती, असाधारण परिस्थिती, काय हवं ते म्हणा, सगळं होतं. पण हैतीचं नाव जाहीर झालं नाही. होड्यांतून निघालेली हजारो माणसं समुद्रात अडवून ग्वांतानामोच्या अमेरिकी नाविक तळावर तंबूंत ठेवली गेली. पुढे जगाला वेगळ्याच कारणाने माहीत झालेल्या या जागेचा छावणी म्हणून पहिला मोठा वापर हैतीयनांवर झाला. मे १९९२ मध्ये बुश यांनी केनेबंकपोर्टच्या सुट्टीच्या घरातून आदेश काढला, की आता मुलाखतही नको, होडी दिसली की परत फिरवा. प्रचारात या आदेशाला क्रूर म्हणणाऱ्या क्लिंटन यांनी सत्तेत येताच तोच चालू ठेवला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी त्यावर शिक्का मारला. एकटे न्यायमूर्ती ब्लॅकमन विरोधात होते.

क्लिंटन यांच्याच काळात एक चांगली गोष्टही झाली, आणि ती फारशी कुणाला आठवत नाही. १९९७ मध्ये काँग्रेसने मध्य अमेरिकेतल्या लोकांना दिलासा देणारा कायदा केला आणि हैतीयनांना वगळलं. मायामीत संताप उसळला. ऑक्टोबर १९९८ मध्ये खर्चाच्या एका भल्या मोठ्या विधेयकाला जोडून हैतीयनांसाठी स्वतंत्र कायदा मंजूर झाला. १९९५ अखेरपूर्वी आलेल्या, आणि आश्रयाचा अर्ज केलेल्या किंवा रीतसर प्रवेश दिलेल्या लोकांना ग्रीन कार्डचा मार्ग खुला झाला. हजारो कुटुंबं यातून कायमची स्थिरावली. मायामीतल्या ‘लिटल हैती’त आणि बॉस्टनच्या मॅटापानमध्ये त्यांची मुलं आज डॉक्टर, पोलीस आणि नगरसेवक आहेत.

त्यानंतर पुन्हा नकार. २००८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एका महिन्यात चार वादळं हैतीवर आदळली आणि गोनाईव्ह शहर चिखलात बुडालं. राष्ट्राध्यक्ष प्रेव्हाल यांनी टीपीएस मागितला, धाकट्या बुश यांच्या सरकारने तो दिला नाही. म्हणजे २०१० च्या त्या शुक्रवारी जे मिळालं ते हैतीच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं, कायदा होऊन तब्बल १९ वर्षांनी. त्यासाठी लाखभर तरी माणसं मरावी लागली आणि ती जगभरच्या टीव्हीवर दिसावी लागली.

१८ महिने सरले तेव्हा हैती उभी राहायच्या ऐवजी आणखी खचली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात कॉलरा सुरू झाला. तो संयुक्त राष्ट्रांच्या नेपाळी तुकडीच्या छावणीतून नदीत गेला होता. त्या साथीत १० हजारांच्या आसपास माणसं मेली आणि संयुक्त राष्ट्रांना माफी मागायला २०१६ उजाडलं. मुदत वाढवली गेली, पुन्हा वाढवली गेली. २०११ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन, भूकंपानंतरच्या वर्षभरात आलेल्यांनाही आत घेतलं.

दर दीड वर्षाने तेच व्हायचं. सरकारी राजपत्रात सूचना निघायची, ठरावीक दिवसांत अर्ज भरायचा, फी भरायची, ठसे द्यायचे आणि नव्या कार्डाची वाट बघायची. जुन्या कार्डावरची तारीख उलटली की कारखान्याचा एचआर विचारणार, वाहन परवान्याचं नूतनीकरण अडणार. एक गंभीर गुन्हा किंवा दोन किरकोळ गुन्हे नावावर लागले की दर्जा जाणार. पुणे-मुंबईच्या अनेक घरांना एच-वन-बी आणि ग्रीन कार्डची लांबलचक रांग ओळखीची आहे. ती रांग कितीही छळत असली तरी तिला पुढचं टोक आहे. टीपीएसला रांगच नाही. वीस वर्षं कर भरा, घर घ्या, अमेरिकेत जन्मलेली मुलं कॉलेजात घाला, तरी पुढची पायरी कायद्यात नाही. सीमा चोरून आलेल्याला टीपीएसच्या जोरावर ग्रीन कार्ड मिळणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एकमताने सांगून टाकलं.

टीकाकारांचा एक मुद्दा इथे मान्य करायला हवा. तात्पुरता म्हणवणारा दर्जा एल साल्व्हादोरच्या लोकांकडे २००१ पासून आहे. याला तात्पुरता म्हणणं ही फसवणूक आहे, असं ते म्हणतात. खरंच आहे. फक्त फसवणूक कुणी कुणाची केली, यावर माझं मत वेगळं आहे. दर खेपेला फी भरून नाव नोंदवणारा माणूस काही लपवत नव्हता. निर्णय टाळत होते ते कायदे करणारे.

२०१७ मध्ये हा टाळलेला हिशेब समोर आला. तेव्हा टीपीएसवर सुमारे ५९ हजार हैतीयन होते. मे महिन्यात ट्रम्प सरकारचे अंतर्गत सुरक्षा मंत्री जॉन केली यांनी फक्त सहा महिने वाढवून दिले आणि प्रवासाची कागदपत्रं जमवायला लागा असा सल्ला जोडला. पडद्याआड खात्यातले अधिकारी एकमेकांना ईमेल पाठवून हैतीयनांपैकी किती जण गुन्ह्यांत सापडले, किती जण सरकारी मदत घेतात, याची आकडेवारी मागवत होते. कायद्यानं तपासायची होती ती हैतीची स्थिती. तपासली जात होती माणसांची लायकी. नोव्हेंबरमध्ये प्रभारी मंत्री इलेन ड्यूक यांनी टीपीएस संपवल्याचं जाहीर केलं. शेवटची तारीख २२ जुलै २०१९.

ही घोषणा होण्याआधी, उन्हाळ्यातच लोक हलले होते. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला प्लॅट्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या बस थांब्यावर उतरून टॅक्सी करायची आणि रॉक्सम रोड नावाच्या आडवाटेने जायचं. तो रस्ता एका चरापाशी संपतो आणि पलीकडे कॅनडा. तिथे उभे असलेले पोलीस सांगायचे, ओलांडलंत तर अटक होईल. माणसं बॅगा उचलून ओलांडायची, अटक व्हायची आणि आश्रयाचा अर्ज करायची. ऑगस्ट २०१७ मध्ये इतके हैतीयन आले की मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये खाटा मांडाव्या लागल्या. हैतीतून निघून अमेरिकेत सात-आठ वर्षं काढलेली माणसं आता अमेरिकेतून पळत होती.

जे राहिले त्यांनी न्यायालय गाठलं. जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प यांनी ओव्हल ऑफिसमधल्या बैठकीत हैती आणि आफ्रिकी देशांसाठी वापरलेला गलिच्छ शब्द तिथे बसलेल्या सेनेटरने बाहेर सांगितला, आणि तो थेट खटल्यांच्या कागदांत आला. सॅन फ्रान्सिस्कोत न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि ब्रुकलिनमध्ये न्यायाधीश विल्यम कुंट्झ यांनी एप्रिल २०१९ मध्ये टीपीएस संपवण्याला स्थगिती दिली. निर्णयाला आव्हान देता येणार नाही असं कलम असताना हे कसं जमलं? न्यायाधीशांनी फरक केला: मंत्र्याच्या निष्कर्षाला हात लावता येत नसेल, पण निष्कर्षाला पोचण्याची पद्धत बेकायदा किंवा द्वेषातून आलेली असेल तर ती तपासता येते. या एका बारीक रेषेवर तेव्हापासून लाखो माणसं उभी आहेत.

बायडेन सरकारने मे २०२१ मध्ये हैतीचं नाव नव्याने जाहीर केलं. हे होतंय तोवर ७ जुलैला राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची त्यांच्याच घरात हत्या झाली आणि १४ ऑगस्टला दक्षिणेत ७.२ चा भूकंप झाला. मग सप्टेंबरमध्ये टेक्सासच्या डेल रिओ इथल्या पुलाखाली सुमारे १५ हजार लोक जमले. त्यातले बरेच जण हैतीतून थेट आलेलेच नव्हते. भूकंपानंतर ते ब्राझील आणि चिलीला गेले होते. तिथली कामं आटल्यावर दारिएनचं जंगल पायी तुडवून वर आले होते. घोड्यावरचे गस्ती जवान हैतीयनांच्या अंगावर जातानाची छायाचित्रं जगभर गेली. टीपीएसची अट होती २९ जुलैपूर्वी अमेरिकेत असण्याची, त्यामुळे पुलाखालच्या कुणालाही टीपीएस मिळणार नव्हता. एकच सरकार एका हाताने हैती परत जाण्याजोगी नाही असं लिहून देत होतं आणि दुसऱ्या हाताने विमानं भरून माणसं पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरवत होतं. हैतीसाठी नेमलेले विशेष दूत डॅनियल फूट यांनी याच कारणावरून राजीनामा दिला. बायडेन यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा प्रसंग विसरायला आवडतो.

पुढच्या तीन वर्षांत दोनदा तारीख पुढे सरकली आणि दोन्ही वेळा नव्याने आलेल्यांना आत घेतलं गेलं. संख्या ५९ हजारांवरून काही लाखांवर गेली. याच काळात ओहायोतलं स्प्रिंगफील्ड जगाच्या नकाशावर आलं. एकेकाळी ८० हजारांहून अधिक वस्तीचं हे औद्योगिक गाव ६० हजारांच्या खाली आलं होतं. नव्या गोदामांना आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना माणसं मिळत नव्हती, भाडी स्वस्त होती. एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि काही वर्षांत १२ ते २० हजार हैतीयन तिथे आले. दवाखान्यात दुभाषे कमी पडू लागले, शाळांचे वर्ग भरले, भाडी चढली. या तक्रारी खऱ्या होत्या. १० सप्टेंबर २०२४ च्या टीव्हीवरच्या वादसभेत ट्रम्प यांनी त्यावर आणखी एक गोष्ट चढवली, की हे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात. तिला कसलाही आधार नव्हता. पुढचे काही दिवस स्प्रिंगफील्डच्या शाळा बॉम्बच्या धमक्यांनी रिकाम्या कराव्या लागल्या. ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन ट्रम्प यांच्याच पक्षाचे, जन्म स्प्रिंगफील्डचा. त्यांनी जाहीर लिहून सांगितलं की हे लोक कायदेशीर आहेत, कामसू आहेत आणि गावाला त्यांचा उपयोग झाला आहे.

हैतीत मात्र सरकार नावाचं काही उरलं नव्हतं. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर टोळ्यांनी एकी करून तुरुंग फोडले, विमानतळ बंद पाडला, पंतप्रधान आरिएल आँरी यांना परदेशातूनच पद सोडावं लागलं. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे त्या वर्षात ५,६०० हून अधिक माणसं मारली गेली. २०२५ च्या मध्यापर्यंत १३ लाख लोक घर सोडून देशातच भटकत होते.

२०२५ मधला अमेरिकी कारभार नुसत्या तारखांवरूनही वाचता येतो. फेब्रुवारीत मंत्री क्रिस्टी नोएम यांनी आधीच मिळालेली मुदतवाढ सहा महिन्यांनी कापली. मे महिन्यात परराष्ट्र खात्याने हैतीतल्या ‘व्हिव्ह आन्सान्म’ या टोळीसंघाला परदेशी दहशतवादी संघटना ठरवलं. जूनच्या सुरुवातीला हैतीच्या नागरिकांना अमेरिकेत यायला बंदी झाली. आणि जूनच्याच अखेरीस अंतर्गत सुरक्षा खात्याने जाहीर केलं की हैती आता परतण्याइतकी सुरक्षित आहे. त्या दिवशीही परराष्ट्र खात्याचा स्वतःच्या नागरिकांना सल्ला सर्वांत वरच्या पातळीचा होता, हैतीला जाऊ नका. अमेरिकी विमान कंपन्यांना पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरायची परवानगी नव्हती. ब्रुकलिनचे न्यायाधीश ब्रायन कोगन यांनी १ जुलैला निकाल दिला की दिलेली मुदत मध्येच कापण्याचा अधिकार मंत्र्यांना नाही. मग सरकारने मूळ मुदत संपण्याचा दिवस धरला, ३ फेब्रुवारी २०२६, आणि या वेळी कारण दिलं राष्ट्रहिताचं.

आदल्या दिवशी, २ फेब्रुवारीला, वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश अ‍ॅना रेयेस यांनी स्थगिती दिली. फिर्यादींत अल्झायमरवर संशोधन करणारा एक मेंदूशास्त्रज्ञ होता, एक परिचारक होता, अर्थशास्त्र शिकणारी एक विद्यार्थिनी होती. मंत्र्यांचा निर्णय आधीच ठरलेला असावा आणि त्यामागे गोऱ्या नसलेल्या स्थलांतरितांबद्दलचा आकस असावा, असं रेयेस यांनी नोंदवलं. सुमारे साडेतीन लाख माणसं दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकली. सरकार अपिलात गेलं.

किंग, चेन, कुंट्झ, कोगन, रेयेस. चाळीसपेक्षा अधिक वर्षं हैतीयनांच्या बाजूने उभे राहिले ते मुख्यतः जिल्हा पातळीवरचे न्यायाधीश, आणि त्यांच्या हातात होती ती फक्त तारीख. कायमचा दर्जा देणं काँग्रेसच्या हातात आहे, आणि ते अशक्य नाही हे तिनेच १९९८ मध्ये दाखवलं होतं. टीपीएसधारकांना ग्रीन कार्डचा मार्ग देणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने २०१९ मध्ये मंजूर केलं आणि २०२१ मध्ये पुन्हा मंजूर केलं. सेनेटने दोन्ही वेळा त्यावर मतदान घेतलं नाही.